तुरुंगाच्या भिंतींना तेल

दादा,

पाळकसाहेबांनी मंडळीच्या मासिकासाठी तुझ्यावर चार ओळी मागितल्यात. जन्म कुठला, नोकरी कुठे, मंडळीत काय सेवा केली, मागे कोण कोण आहे. म्हणाले, "सुलूताई, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी हो म्हटलं, वही घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला तुझ्याशी भांडायला लागले. म्हणून त्यांच्या चार ओळी वेगळ्या कागदावर देईन. हे तुला. तू वाचणार नाहीस हे कळतंय मला, लगेच हसू नकोस.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत जो भेटायला आला त्याने एकच ऐकवलं. देह काय हो, आज आहे उद्या नाही. देह म्हणजे नुसता कपडा. आत्मा प्रभूकडे गेला, मग रडायचं कशाला? तुझ्या शेजारच्या काकू हिंदू, आपली माणसं ख्रिस्ती, खालच्या मजल्यावरचे कांबळे बौद्ध. पण मयताच्या घरी सगळे तुझ्याच बाजूचे निघाले. एकाने तरी म्हणावं ना, की सुलू, त्याचे हात किती छान होते ग. कोणी म्हणालं नाही. मी मान डोलावत होते आणि आतून जळत होते. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून आपण भांडलो, ती तुझ्या बाजूने बोलायला ही एवढी माणसं चपला काढून आत येत होती.

तीस वर्षं मी देहाचंच काम करतेय. बाळंतिणींची आणि तान्ह्या पोरांची मालीश. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगींपासून बाळकुमच्या टॉवरपर्यंत सगळ्या मला मालीशवाल्या मावशी म्हणतात. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पोराला नडग्यांवर पालथं घालायचं. कोमट तेल, टाळू भरायची, मग ऊन पाणी, मग शेगडीवर ओवा टाकून धुरी. पोर दुपट्यात गुंडाळलं की झोपलंच. आणि तू माझा सख्खा भाऊ, सात वर्षांनी मोठा, डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात जन्म काढलेला. रिटायर झाल्यावर मला सांगायला लागलास की देह म्हणजे तुरुंग आहे.

सगळं त्या पुस्तकाने केलं. कव्हर नसलेलं, जाडजूड, इंग्रजी, स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं. मी दर रविवारी उपासना आटोपून तुझ्याकडे यायचे, तर तू दार उघडतानाच सुरू. "सुलू, ख्रिस्तानंतरच्या पहिल्या दोन-तीनशे वर्षांत काही लोक होते. नॉस्टिक म्हणतात त्यांना. ते म्हणायचे, हे जग खऱ्या देवाने केलेलंच नाही. खरा देव फार वर, फार लांब, नुसता प्रकाश. हे जग केलं एका खालच्या, आंधळ्या कारागिराने. त्याला वाटतं आपणच देव. त्याने माती कालवली, मांस केलं, आणि वरच्या प्रकाशाची एकेक ठिणगी त्यात कोंडून टाकली. ती ठिणगी म्हणजे तू."

"आणि उरलेली मी?" मी विचारलं.

"उरलेली तू म्हणजे डबा."

डबा म्हणालास मला! मी म्हटलं, डबा तर डबा, रोज घासलेला तरी आहे. त्याच दुपारी या डब्याने केलेला मटणाचा रस्सा तू तीनदा वाढून घेतलास. मी म्हटलं, काय रे, त्या आंधळ्या कारागिराने बोकड मात्र बरा केलाय की. तुला हसता हसता ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारल्या, आणि डोळे पुसत तू म्हणालास, "सुलू, तुझ्यासारखी माणसं त्या काळात असती ना, तर नॉस्टिकांचं दुकान दोन दिवसांत बंद झालं असतं." मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. कोणी मला एवढं मोठं कधी म्हटलं नव्हतं.

मी सातवीत नापास झालेले तेव्हा तूच मला रोज संध्याकाळी पवित्र शास्त्राचं एक पान मोठ्याने वाचायला लावलंस. आज मी ही वही लिहितेय ते त्याच्यामुळे. भांडायलाही तूच शिकवलंस. "नुसतं नाही म्हणू नकोस, का नाही ते सांग," म्हणायचास. मग मी सांगायचे. म्हटलं, दादा, मी अर्ध्या दिवसाचं पोर हातात घेतलंय. ते पाय ताणून जांभई देतं. तुरुंगात पहिल्या दिवशी कोणी अशी जांभई देतं का? तू म्हणालास, त्याला अजून कळलेलं नाही कुठे आलोय ते. मी म्हटलं, तुला सदुसष्ट वर्षांत कळलं, त्याला अर्ध्या दिवसात कळलंय. असं आपलं चालायचं. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतं, कोणाला कुंड्यांचं, कोणाला शेअर बाजाराचं, याला हे.

ते खूळ नव्हतं हे मला आता कळतंय, तू गेल्यावर.

विमलवहिनी अकरा महिने अंथरुणावर होती. मी एक दिवसाआड यायचे, तिला कुशीवर वळवायचे, पाठीच्या जखमा पुसायचे, जिथे हात लावता येईल तिथे तेल लावायचे. तू पाण्याचं भांडं धरून उभा राहायचास. तुझे ते हात. कारखान्यात होतास तेव्हा कोपरापर्यंत किरमिजी असायचे, होळी खेळून आल्यासारखे. तुझ्या घामातून सुद्धा रंग यायचा. तुझ्या उशीचा अभ्रा पांढरा आणलेला, दोन महिन्यांत गुलाबी झालेला. वहिनी म्हणायची, "धुऊन जात नाही ग बाई, आता हा रंग मी मेल्यावरच जायचा." आजारपणात तिने तुझीच उशी डोक्याखाली घेतली होती, तोच अभ्रा, दुसरा घालू द्यायची नाही. एका मंगळवारी मी जखम पुसत होते आणि वहिनी ओरडली. मोठ्याने नाही, ताकदच नव्हती, पण असं ओरडली की माझे हात थांबले. तू भांडं खाली ठेवलंस आणि भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "हे माझ्या देवाने केलेलं नाही."

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो काहीबाही. वहिनीला पुरून महिना झाला आणि तू ते पुस्तक आणलंस. मी या दोन गोष्टी कधी जोडल्याच नाहीत बघ. मी आपली वाद घालत बसले, जांभया आणि बोकड. तुला देहाचा राग नव्हता रे. तुला देवाला सोडवायचं होतं. वहिनीच्या पाठीचा आळ त्याच्यावर येऊ नये म्हणून तू अख्खं जगच दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर करून टाकलंस. एवढं प्रेम करायचास तू त्याच्यावर. आणि मी तुला नास्तिक व्हायला निघालास म्हणून टोमणे मारले.

वहिनीनंतर तू मला म्हणालास, "तिच्या सगळ्या साड्या वाटून टाक सुलू, अंथरूण-पांघरूण पण. वस्तूत माणूस नसतं." मी वाटल्या. कपाट रिकामं झालं तेव्हा तू साधं वळूनही बघितलं नाहीस. तेव्हापासून मी धरून चालले की तुझं खरंच ठरलंय, तुझ्या मनातून मातीचं सगळं सुटलंय. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मग तू प्रभुभोजन घ्यायचं सोडलंस. उपासनेत भाकरीचं ताट पुढे आलं की न घेता शेजारच्याकडे सरकवायचास. मंडळीत कुजबुज झाली. पाळकसाहेब तुझ्यापेक्षा निम्म्या वयाचे, पण माणूस सरळ. ते घरी आले, सलाम केला, बसले आणि म्हणाले, "काका, मला समजून घ्यायचंय." तुला तेवढंच हवं होतं. तू तासभर बोललास. मी आत चहा टाकत होते, सगळं ऐकू येत होतं.

ते म्हणाले, "पण काका, देवाने हे जग केलं आणि बघून त्याला ते बरं वाटलं, इथून तर आपली सुरुवात आहे. आणि तो स्वतः देह घेऊन आला. त्याला भूक लागली, तो दमला, मित्र गेला तेव्हा रडला. मेल्यानंतर उठला तो पण जखमांसकट. देह इतका टाकाऊ असता तर तिथेच टाकून गेला नसता का? पाप मांसात नाही हो काका, ते आपल्या इच्छेत आहे. चोरी हात नाही करत, माणूस करतो."

तू म्हणालास, "ते लोक म्हणायचे, त्याला देह नव्हताच. नुसता भास होता. क्रुसावर कोणी नव्हतंच." आणि मग हळू आवाजात, "मला तेच बरं वाटतं, साहेब. निदान त्याला तरी दुखलं नसेल."

दादा, मी तिथे चहाच्या भांड्यापाशी उभी राहून हे ऐकलं. हे ऐकल्यावर तरी मला शहाणपण यायला हवं होतं. पण पुढचं वाक्य आलं ना. पाळकसाहेबांनी विचारलं, मग पापाचं काय? तू म्हणालास, "पाप म्हणजे गुन्हा नाही, साहेब. पाप म्हणजे विसर. आपण कुठून आलो ते आपल्याला माहीत नाही, एवढंच. न कळणाऱ्याला माफी कशाला हवी? त्याला कळायला हवं."

मी आतूनच ओरडले, "म्हणजे कोणी कोणाची माफी मागायला नको! बरी सोय केलीस रे स्वतःची!"

पाळकसाहेब हसले. विषय हलका करायचा म्हणून त्या बिचाऱ्याने माझं कौतुक काढलं. म्हणाले, "काका, सुलूताईंचं काम बघा. एवढी पोरं त्यांच्या हाताखाली वाढली. देह वाईट असता तर त्यांच्या हाताला एवढं यश आलं असतं का?"

आणि तू म्हणालास, "ती? ती तीस वर्षं तुरुंगाच्या भिंतींना तेल लावतेय."

गमतीत म्हणालास. माहितीये मला, गमतीतच. पण मी ट्रे घेऊन दारात उभी होते. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी ट्रे ठेवला आणि बिस्किटं आणायला म्हणून आत गेले. बिस्किटं ट्रेमध्येच होती.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. सासरच्यांनी काय कमी बोललं? नवरा गेला, हे काम धरलं, तर म्हणाले, दुसऱ्याच्या बायकांच्या पायांना हात लावायचं काम, ख्रिस्ती असली म्हणून काय झालं, काही लाजलज्जा? तेव्हा तू मला नौपाड्यात पहिल्या घरी सोडायला आलेलास. सुट्टी काढून. मी जिना चढेना, तर तू म्हणालास, "हाताला काम आहे तर लाज कसली? जा वर, मी इथेच बसतो." आणि बसलास. दोन तास, जिन्यावर, पेपर वाचत. मी खाली आले ती रडतच आले, कारण ते पोर माझ्या पायांवर झोपलं होतं आणि त्याच्या आईने मला उद्यापण या म्हटलं होतं. तू माझे हात हातात घेऊन नाकाशी नेलेस. म्हणालास, "ओव्याचा वास येतोय. चांगला वास आहे ग." त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं काढली, दादा. आणि त्याच तोंडाने तू तुरुंगाच्या भिंती म्हणालास.

तरी मी काही बोलले नाही. राग धरून ठेवला. तुला माहितीये, मला लगेच भांडता येतं, पण खरं लागलं की मी गप्प होते. पुढचे दोन रविवार आले, रस्सा केला, कपडे वाळत घातले, तुझी शुगर तपासून वहीत लिहिली. तू नेहमीसारखाच होतास. तुझ्या ते लक्षातही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी दुपारी तू पलंगावर बसला होतास. जानेवारी होता, डोंबिवलीला यंदा बऱ्यापैकी गारठा होता. जेवण झालेलं. तू पाय वर घेतलेस, हाताने चोळलेस आणि म्हणालास, "सुलू, पाय फार गार पडलेत ग. जरा तेल लावतेस?"

आयुष्यात पहिल्यांदा मागितलंस. मी अख्ख्या ठाण्याला तेल लावलं, तू कधी पाय पुढे केला नाहीस. डोकं चेपू का म्हटलं तरी नको म्हणायचास. आणि त्या दिवशी स्वतःहून मागितलंस. बाटली माझ्या पिशवीत होती. नॅपकिनमध्ये गुंडाळलेली, नेहमीसारखी. पिशवी माझ्या पायाशी होती. वाकून हात घातला असता की झालं असतं.

मी म्हटलं, "तुरुंगाच्या भिंतींना कशाला रे तेल?"

तू माझ्याकडे बघितलंस. तेव्हा तुला आठवलं, मला दिसलं ते. मग तू हसलास. "बरोबर आहे," म्हणालास, आणि चादर पायांवर ओढून घेतलीस. मी काय केलं सांगू? मी मोरीत जाऊन भांडी घासली. मुद्दाम आदळआपट करत. मनात म्हणत होते, आठवडाभर गार राहू देत पाय, म्हणजे कळेल भिंती कोणाच्या आणि तेल काय असतं. पुढच्या रविवारी लावायचंच होतं मला, दादा. ठरवलं होतं. तिळाचं तेल गरम करून, चांगलं तासभर. फक्त एक आठवडा तुला वाट बघायला लावायची होती. निघताना म्हटलं, "येते रे," तू म्हणालास, "सांभाळून जा." तुझे पाय चादरीखाली होते, मला दिसले नाहीत.

बुधवारी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. दूधवाल्याने बेल मारली, दार उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, हृदय बंद पडलं, काही कळलं नसेल. काही कळलं नसेल, हेच तुला सगळ्यांबद्दल वाटायचं ना.

आपल्यात पुरुषाच्या मयताला पुरुषच आंघोळ घालतात. मंडळीतले चौघे आले, पाणी तापवलं, दार लावायला लागले. मी दारात उभी राहिले. म्हटलं, पाय मी करणार. एक जण म्हणाले, ताई, हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, तीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घालते, माझ्या भावाचे पाय मला धुऊ द्या, नाहीतर इथून हलणार नाही. पाळकसाहेबांनी डोळ्याने खुणावलं. त्यांनी तुला गुडघ्यापर्यंत चादरीने झाकलं आणि मला आत घेतलं.

मी पाय धुतले. अंगठ्याच्या बाजूची ती जुनी खूण, कारखान्यात पिंप पडलेलं तिची, अजून होती. नखांच्या कडेला अजून किंचित किरमिजी होतं रे, इतक्या वर्षांनी. मग मी पिशवीतून बाटली काढली. तीच बाटली, त्याच नॅपकिनमधली. तेल तळहातावर घेऊन चोळलं, गरम केलं, आणि लावायला लागले.

दादा, तेल मुरलं नाही.

मला माहीत असायला हवं होतं. तीस वर्षं हे काम केलंय. अंगात ऊब असते म्हणून तेल आत जातं. तुझ्या पायांवर ते नुसतं वर राहिलं, चमकत. मी चोळत राहिले. टाच, घोटा, पोटरी, जसं बाळंतिणीला लावते तसं. कोणीतरी म्हणालं, ताई, बस करा, पेटी आलीये. पांढरे मोजे घातले तर ते लगेच पिवळट झाले, तेल वर होतं ना सगळं. बायका कुजबुजल्या, मोजे खराब झाले. कोणी बदलले नाहीत, दुसरे नव्हतेच.

दफनभूमीत प्रार्थना झाली. मातीचं मातीला म्हणून पाळकसाहेबांनी हात केला आणि एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकू लागला. माझी पाळी आली. मी माती घेतली, मूठ उघडली, हात झटकला, आणि माती पडलीच नाही. तेलकट हात होते माझे, मी धुतलेच नव्हते. माती तळव्याला चिकटून बसली. मी बोटांनी खरवडून काढत होते आणि मागे माणसं थांबली होती. त्यातली थोडीच तुझ्यावर पडली. बाकीची मी तशीच घरी आणली, नखांत.

आणि तेव्हापासून, दादा, मी एक प्रार्थना करतेय जी मी मेले तरी करणार नाही असं मला वाटायचं. मी म्हणतेय, दादाचं खरं असू दे.

कारण बघ ना. तुझं खरं असेल तर तू म्हणजे ते पाय नव्हतासच. ठिणगी होती, ती कोंडलेली होती, बुधवारी सुटली, गेली वर. पाय गार पडले काय नि ऊन राहिले काय, भिंतींनाच लागत होतं ते. मी तेल लावलं नाही म्हणून तुझं काहीही गेलं नाही. मी सुटले. पण माझं खरं असेल, पाळकसाहेबांचं खरं असेल, तर माझ्या भावाला थंडी वाजत होती. तूच होतास तो, पूर्ण. तू मला हात लाव म्हणालास, वहिनी गेल्यानंतर तुझ्या अंगावरून कोणीही मायेने हात फिरवला नव्हता, आणि मी तुझंच वाक्य तुझ्या तोंडावर मारून भांडी घासायला गेले. आयुष्यभर मी माझ्या बाजूने भांडले. आता मला हरायचंय.

मी तुझी ती वही पण काढून वाचली, नॉस्टिकांची टिपणं असलेली. तुला आश्चर्य वाटेल. तुझ्यासारखी एकेक ओळ मोठ्याने वाचली. पाप म्हणजे विसर, पाप म्हणजे न कळणं. यानेही माझं काम होत नाही रे. मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? मला सगळं कळत होतं. पाय गार आहेत हे कळत होतं, बाटली कुठे आहे ते कळत होतं. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, प्रभू क्षमा करतो, ताई. करेल प्रभू. प्रभूचे पाय गार नव्हते पडले.

तरीपण मी तुझ्या बाजूला सरकतच होते. रोज थोडी थोडी. मनाला सांगायचे, दादाने एवढा अभ्यास केला, त्याला काहीतरी दिसलं असणार. त्याने स्वतः मन काढून घेतलं होतं मातीतून. वहिनीच्या साड्या गेल्या तेव्हा त्याने वळून बघितलं नाही. जो माणूस असा सुटला होता, त्याला एका दुपारच्या तेलाचं काय?

काल तुझी खोली आवरायला आले. कपाटात खालच्या कप्प्यात, त्या जाडजूड पुस्तकाच्या मागे, एक प्लॅस्टिकची पिशवी होती. वर गाठ मारलेली, आत डांबराच्या गोळ्या. गाठ सुटत नव्हती, दाताने सोडली. आत उशीचा अभ्रा होता. गुलाबी झालेला, चौघडी घातलेला. न धुतलेला. वहिनीचे दोन-तीन केस होते त्याला अजून, तिला शेवटी मी लावायचे त्या तेलाचा डाग होता मधोमध.

मी तुझ्या पलंगावर बसले तो घेऊन. किती वेळ बसले माहीत नाही. खाली कांबळ्यांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. खोटारड्या, म्हटलं. सगळं वाटून टाक म्हणालास आणि हा लपवलास. तुझ्या घामाचा रंग, तिच्या डोक्याचं तेल. वस्तूत माणूस नसतं ना? मग याला गोळ्या कशाला घातल्यास? नाकाशी धरला तर गोळ्यांच्या वासाखाली ओव्याचा वास होता, माझ्या हातचा. तो पण तू जपून ठेवला होतास.

म्हणजे तुला पण ते खरं वाटत नव्हतं. इतकी वर्षं मला डबा म्हणालास आणि स्वतः या फडक्याला धरून राहिलास. आता मी कोणाच्या बाजूला जाऊ, दादा? तूच तिथे नाहीयेस.

सकाळी बाळकुमहून फोन आला होता. सातव्या मजल्यावरची ती मुलगी, मागच्या वर्षी तिच्या बहिणीचं मी केलं होतं. मुलगा झालाय. "मावशी, कधीपासून येताय?" मी म्हटलं, बघते. बाटली काढून ठेवली समोर. तळहातावर तेल घेतलं आणि तशीच बसून राहिले. शेवटी नॅपकिनला पुसलं. तिला दुसरी बाई बघायला सांगितलंय.

पाळकसाहेबांच्या चार ओळी अजून लिहायच्या आहेत. लिहीन की तू देवावर फार प्रेम केलंस. ते खरं आहे. बाकीचं त्यांना सांगायचं नाही, तुलाच सांगते. तुझा विश्वास नव्हता ना त्या पुस्तकावर, नसू दे. माझापण बसत नाहीये. मी रोज डोळे मिटते आणि मला ठिणगी दिसत नाही रे, मला चादर दिसते. तरी मागतेय. या एकदा, फक्त या एकदा, मला खोटं पाड. तुझंच खरं असू दे, दादा. तुझे पाय गार नसू देत.

तुझी,
सुलू